रेषेच्या वर, पण किती दिवस?

आशावादी : गरिबीवर बोलायला बसलोच आहोत, तर आधी एक चांगली बातमी मान्य करून टाकू. विचारी माणसांना ती मान्य करणे का कोण जाणे, फार जड जाते. माणशी रोज 2.15 डॉलर या जागतिक बँकेच्या जुन्या मापाने 2011-12 मध्ये भारतातले 16.2 टक्के लोक अतिदरिद्री होते, 2022-23 मध्ये 2.3 टक्के उरले. जून 2025 मध्ये बँकेने रेषा उचलून तीन डॉलरवर नेली. तरी उतार तोच राहिला, 27.1 टक्क्यांवरून 5.3 टक्के. नीती आयोगाचे माप वेगळे आहे. ते पैसे मोजत नाही. पोषण, शाळा, संडास, वीज, चुलीचे इंधन, घर अशा बारा गोष्टी मोजते. त्या मापाने उत्तर प्रदेशातले गरीब 2015-16 मध्ये 37.68 टक्के होते, 2019-21 मध्ये 22.93 टक्के झाले. उत्तर प्रदेश म्हणजे बुंदेलखंड आला, झाशी आली. मराठी माणसाच्या मनात झाशी 1858 च्या पुढे सरकतच नाही. त्यानंतर तिथे काय घडले, याची चौकशी आपण करत नाही. जिल्ह्याची वस्ती 2011 च्या जनगणनेत वीस लाखांच्या घरात होती. अशा जिल्ह्यातल्या घराघरांत दिवा लागला, गॅसची शेगडी आली, याला प्रगती म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

साशंक : प्रगती म्हणूच. पण मे 2020 मधला रक्सा नाका विसरू नका. झाशीहून शिवपुरीकडे जाणाऱ्या महामार्गावर, मध्य प्रदेशची हद्द लागते तिथे, मुंबई, ठाणे, भिवंडी, सुरत सोडून निघालेली माणसे हजारोंनी येऊन थांबली होती. कोणी ट्रकच्या टपावर, कोणी रिक्षाने, कोणी पायी. आता जरा तारखा बघा. तुमची 22.93 टक्क्यांची मोजणी 2019 ते 2021 या काळातली. नाक्यावर थांबलेल्यांतले बरेच जण त्या हिशेबाने गरीब नव्हतेच. त्यांच्याकडे मोबाइल होता, बँकेत खाते होते, गावाकडे पक्के घर असेल, शेगडीही असेल. फक्त काम बंद पडून दीड महिना झाला होता, आणि तेवढ्यात होते नव्हते ते संपले. रेशनकार्ड गावात आणि माणूस भिवंडीत, अशी गत. माणूस रेषेच्या वर आहे की खाली, एवढेच तुमचे माप सांगते. वर आहे तो किती दिवस वर राहील, हे ते सांगत नाही.

आशावादी : महामारी हा अपवाद होता. अपवादावरून नियम ठरवू नका. आणि रक्साची गर्दी माझ्याही बाजूने साक्ष देते. ही माणसे मुळात मुंबईला का गेली होती? तिथे मजुरी मिळते म्हणून. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न उत्तर प्रदेशाच्या तिपटीच्या आसपास आहे. माणूस कमी मोलाच्या जागेवरून जास्त मोलाच्या जागी जातो, आणि दोन जागांतली दरी बुजवायचा याहून जुना उपाय जगाला ठाऊक नाही. बुंदेलखंडात चैत्रात पीक कापायला परमुलुखात जाणाऱ्यांना ‘चैतुआ’ म्हणतात. शब्दावरूनच कळते की ही चाल काल-परवाची नाही. आपले कोकण दुसऱ्या कशावर उभे राहिले? गिरणीतल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर. त्या मनीऑर्डरीतून घरे शाकारली, मुले शिकली. पुढची पिढी गिरणीत गेली नाही, बँकेत गेली. झाशीचे पोर आज पुण्यात सेंट्रिंगचे काम करते. त्याचा मुलगा ते करणार नाही.

साशंक : कोकणाचे नाव काढलेत, तर कोकणातून झाशीला गेलेल्या एका माणसाचीच गोष्ट घेऊ. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घर कर्जात बुडालेले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा सढळ मिळणार, असे ऐकून 1857 मध्ये काकांबरोबर उत्तरेची वाट धरली. तेही एका अर्थाने चैतुआच. झाशीत मान मिळाला, दक्षिणा मिळाली. मग एप्रिल 1858 मध्ये ह्यू रोजच्या इंग्रज फौजेने शहर घेतले. लुटीच्या त्या दिवसांचे वर्णन गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे : आधी सोनेनाणे गेले, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, शेवटी घरातले धान्यसुद्धा. गोडसे वरसईला परतले ते गंगेची कावड घेऊन. कमाई करता येणे वेगळे आणि ती राखता येणे वेगळे, हा धडा त्यांना झाशीत मिळाला. तुमच्या आकड्यांत कमाई आहे, फार तर खर्च आहे. पुंजी कुठे आहे?

पुंजीचा आकडाही आहे, पण तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने 2019 मध्ये देशभरातल्या घरांची मालमत्ता आणि कर्जे तपासली. ग्रामीण भागात वरच्या दहा टक्के घरांकडे निम्म्याहून अधिक मालमत्ता निघाली, शहरांत त्याहूनही जास्त. खालच्या निम्म्या घरांच्या वाट्याला दहाएक टक्के. पॅरिसच्या विषमता प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांनी 2024 मध्ये हिशेब मांडला : 2022-23 मध्ये देशाच्या उत्पन्नातले 22.6 टक्के आणि संपत्तीतले 40.1 टक्के वरच्या एक टक्क्याकडे. त्या अभ्यासातच म्हटले आहे की ही विषमता ब्रिटिश राजवटीतल्याहून वाढली आहे.

आशावादी : आता तुम्ही प्रश्नच बदललात. बोलणे गरिबीचे चालले होते, तुम्ही विषमतेवर आलात. या दोन बहिणी नाहीत, फार तर शेजारणी. चीनकडे बघा. चाळीस वर्षांत ऐंशी कोटींच्या आसपास माणसे त्याने अतिदारिद्र्यातून बाहेर काढली, आणि त्याच काळात तिथली विषमता भडकली. माओच्या काळात सगळे सारखे होते, म्हणजे सारखेच उपाशी होते. एखाद्या शेतमजुराला विचारा, ‘तुझी मजुरी दुप्पट होईल, पण शहरातल्या बिल्डरची कमाई दसपट होईल. चालेल?’ तो चालेल म्हणेल, आणि त्यात काही चूक नाही. दुसऱ्याच्या ताटातले पक्वान्न बघून आपली भाकरी कडू होत नाही.

शिवाय विषमतेचा आकडाही तुम्ही सोयीचा उचललात. खर्चाच्या पाहणीवरून काढलेला भारताचा गिनी निर्देशांक 2011-12 मध्ये 28.8 होता, 2022-23 मध्ये 25.5 झाला. दक्षिण आफ्रिकेचा 63 आहे. त्या मापाने आपण जगातल्या कमी विषम देशांच्या पंगतीत बसतो.

साशंक : त्या पंगतीत पाने वेगवेगळ्या तराजूंनी वाढली आहेत. भारत खर्च मोजतो. अमेरिका, ब्राझील उत्पन्न मोजतात. श्रीमंत माणूस कमाईतला थोडाच भाग खर्चतो, उरलेल्याचे शेअर आणि जमीन घेतो. म्हणून खर्चाच्या मापात दरी नेहमी उथळ दिसते. त्यात मोठ्या संकुलांतले दरवाजे पाहणीदाराला सहसा उघडत नाहीत. 2022-23 च्या पाहणीची पद्धतही आधीपेक्षा वेगळी होती, तेव्हा 28.8 शेजारी 25.5 ठेवून सरळ रेघ ओढता येत नाही. आणि चीनचीच साक्ष काढायची, तर 2020 मध्ये तिथल्याच पंतप्रधानांनी, ली ख-छियांग यांनी, जाहीर सांगितले होते की देशात साठ कोटी लोकांचे मासिक उत्पन्न हजार युआनच्या आसपास आहे.

भाकरी कडू होत नाही, हेही खरे. पण बिल्डर आणि मजूर वेगवेगळ्या ताटांत जेवत नाहीत. जमीन एकच असते, पाणी एकच असते, सरकारी दवाखान्यातला डॉक्टरही एकच असतो. एकाची पुंजी दसपट झाली की या गोष्टींचे भाव त्याच्या ऐपतीप्रमाणे ठरतात. मजुरी दुप्पट झालेल्या माणसाला झाशी शहरात घरासाठी गुंठाभर जागा दुप्पट सहज मिळेल, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

आशावादी : तर मग स्वीडन घ्या, तुमचे पंथीय ज्याची आरती ओवाळतात तो देश. उत्पन्नाची विषमता कमी, हे जगजाहीर. पण संपत्तीची विषमता? युरोपातल्या सर्वाधिक देशांत त्याची गणती होते. मोठ्या उद्योगघराण्यांकडे डोंगराएवढी पुंजी, आणि सामान्य घरांकडे बेताचीच शिल्लक. तुमच्या तर्काने तिथला कामगार रक्सा नाक्यावर असायला हवा होता. तो तर दर उन्हाळ्यात सुट्टीवर जातो.

साशंक : उदाहरण चांगले दिलेत, त्याने माझा मुद्दा मलाच नीट मांडता येईल. स्वीडनच्या कामगाराला घरात पुंजी साठवायची गरजच पडत नाही. आजारपण, म्हातारपण, बेकारी, मुलांचे शिक्षण या सगळ्यांची पुंजी सरकारने सामाईक करून ठेवली आहे. त्याच्या पासबुकात ती दिसत नाही, पण प्रसंग आला की हाताशी येते. म्हणजे मोजायची ती पुंजीसुद्धा नव्हे, मोजायची ती तग. आज मिळकत थांबली, तर या घराची चूल किती दिवस पेटेल? ती स्वतःच्या पैशाने पेटते की सामाईक, हा दुसरा प्रश्न. अमेरिकेची मध्यवर्ती बँक दरवर्षी लोकांना विचारते : अचानक चारशे डॉलरचा खर्च आला, तर तो रोख भागवाल का? 2023 मध्ये 37 टक्के लोकांनी नाही म्हणून सांगितले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात! यांतली बरीच माणसे दारिद्र्यरेषेच्या कितीतरी वर राहणारी आहेत.

आपल्याकडे रेषा आखायला सुरुवात झाली तेव्हाही प्रश्न जगण्यापुरताच होता. 1870 च्या दशकात दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न वीस रुपयांच्या आसपास धरले आणि ते तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिले. 1971 मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 2250 उष्मांकांचा आधार घेतला. त्या काळी भुकेचे माप काढणे ही मोठीच कामगिरी होती. पण पन्नास वर्षांनी आपण तिथेच का अडकून पडावे?

आशावादी : तग हा शब्द मला पसंत आहे. पण मग सरकारने सामाईक पुंजी केलीच नाही, असे म्हणू नका. देशात 81 कोटींवर माणसांना दरमहा माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते. 2015 च्या दुष्काळात बुंदेलखंडातल्या काही घरांत फिकारा नावाच्या गवताच्या बियांची भाकरी खाल्ली जाते, अशी बातमी आली आणि केवढा गदारोळ झाला. तो तिथल्या गरिबांचा जुनाच पदार्थ आहे, असे काहीजण म्हणत होते. म्हणोत बापडे. आज असा वाद तरी होत नाही.

आणि तग धान्यानेच येते असे नाही, पाण्याने येते. झाशीचा पाऊस वर्षाला साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुणे शहरापेक्षा कमी नाही. पण खाली कठीण खडक. पाणी मुरत नाही, ठरत नाही. जुन्या लोकांनी त्यावर ‘हवेली’ काढली होती : शेतांच्या माथ्यावर बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडायचे आणि रब्बीच्या तोंडावर सोडून देऊन त्याच जमिनीत पेरायचे. हे बांध फुटून पडले होते. बबीना भागातल्या परासई, छतपूर, बछौनी या तीन गावांत 2011 नंतर इक्रिसॅट आणि झाशीच्याच केंद्रीय कृषिवानिकी संस्थेने ते पुन्हा उभे केले, नाल्यांवर बंधारे घातले. विहिरींचे पाणी दोन ते पाच मीटरनी वर आले, हरभऱ्याच्या जागी गहू आला, म्हशी वाढल्या. इथे कोणाचे काही काढून घेतले का? नाही. वाटणीची भांडणे न करता सगळ्यांचेच वाढले.

साशंक : सगळ्यांचे? ज्यांची विहीर होती त्यांचे आधी वाढले, ज्यांची जमीन होती त्यांचे नंतर, आणि ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते त्यांना जादा मजुरीचे काही दिवस मिळाले. हा त्या संस्थांचा दोष नाही, कायद्याचा आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून भारतात जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे समजले जाते. गंमत अशी की त्याच साली सरकारला झाशीसाठी आणखी एक कायदा करावा लागला. 1857 नंतरचा शेतसारा आणि त्यामागोमागचे दुष्काळ यांनी जमीनदार आणि शेतकरी सावकारांच्या वहीत गेले होते; त्यांना सोडवायला झाशीचा कर्जबाजारी जहागिरींचा कायदा आला. तीनच वर्षे आधी, 1875 ला सुप्यापासून पेटलेल्या शेतकऱ्यांच्या उठावानंतर, दख्खनसाठी असाच कायदा झाला होता. सावकाराच्या तावडीतून पुणे-नगर 1879 मध्ये सोडवायचे, झाशी 1882 मध्ये. पुढे 1903 मध्ये बुंदेलखंडात जमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून तिसरा कायदा. एवढे कायदे कशासाठी लागले? शेतकऱ्याचे एका वर्षाचे उत्पन्न कमी होते, एवढ्यासाठी नाही. एक वाईट वर्ष काढायची तग त्याच्यात नव्हती, म्हणून.

पाण्याची वाटणी वेगळी होऊ शकते, हे पुरंदर तालुक्यातल्या नायगावने दाखवले. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने 1970 च्या दशकात नियम केला की पाणी माणशी मिळेल, एकरी नाही, आणि भूमिहीनालाही त्याचा वाटा असेल. जेवढी पाणलोटाची कामे झाली, त्यांतल्या किती गावांनी हा नियम उचलला?

आशावादी : फार थोड्यांनी. कारण तो पाळायला साळुंखे लागतात. आणि प्रत्येक तालुक्याला एकेक साळुंखे पुरवणारी योजना अजून कोणी काढलेली नाही. म्हणून मी कारखान्यांवर भिस्त ठेवतो. झाशीत तग धरलेली घरे कोणती ते बघा. जीआयपी रेल्वेने 1895 च्या सुमारास तिथे कारखाना काढला. झाशी विभाग 2003 पर्यंत मध्य रेल्वेत होता, मुख्यालय मुंबईला. त्यामुळे दोन्ही शहरांत बदलीने येणे-जाणे चाले. पुढे भेलचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना आला. रेल्वेत फिटर लागलेल्या माणसाच्या घरी पगार, क्वार्टर, पास, दवाखाना, पेन्शन. दोन पिढ्यांत इंजिनिअर. तुमचे स्वीडन झाशीच्या रेल्वे कॉलनीत होते, तुम्ही पाहिले नाहीत. आता संरक्षण उद्योगांच्या पट्ट्यात झाशीचे नाव आहे. 2023 मध्ये बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन झाले, झाशी जिल्ह्यातल्या 33 गावांची जमीन त्यासाठी ठरली. उद्योग झाशीपर्यंत आला, तर झाशीच्या माणसाला भिवंडीला जायला नको.

साशंक : रेल्वे कॉलनीचे उदाहरण मनापासून मान्य. पण त्या घरांना तारले ते इंजिनांनी नाही, कायमच्या नोकरीने. आजचे कारखाने ट्रान्सफॉर्मरही बनवतील, तोफगोळेही बनवतील. त्यांच्या फाटकावर मात्र ठेकेदाराचा माणूस उभा असेल. अकरा महिन्यांचा करार, हातात रोजंदारी. मग तो भिवंडीतच राहिला काय आणि झाशीत आला काय. प्रवास वाचेल, तग येणार नाही.

33 गावांच्या जमिनीचेही तसेच. ज्याचे नाव खतौनीत, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर, त्याला मोबदला मिळतो. बटाईने तीच जमीन वीस वर्षे कसणाऱ्याचे नाव कुठेच नसते. त्याच्या पायाखालून शेत जाते आणि कागदावर त्याचे काहीच गेलेले नसते.

आणि वरून आलेल्या योजनांचा भरवसा झाशीकरांनी किती धरावा? नोव्हेंबर 2009 मध्ये उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांतल्या बुंदेलखंडासाठी 7,266 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यातून बांधलेल्या बाजार समित्यांच्या कितीतरी इमारती वर्षानुवर्षे ओस पडून राहिल्या. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लातूरकरांना ती नीट आठवत असेल. मे महिन्यात तशीच दहा टाक्यांची गाडी बुंदेलखंडातल्याच महोब्यासाठी म्हणून झाशी स्थानकात येऊन उभी राहिली. राज्य सरकार म्हणाले, आम्हाला नको. केंद्र म्हणाले, दिलेले घेत नाहीत. दोन दिवस वाद रंगला. मग टाक्या तपासल्या, तर त्या रिकाम्या होत्या.

आशावादी : रिकाम्या गाडीचे समर्थन कोण करील? पण त्यातून एवढेच निघते की काम नीट करा. काम करूच नका, असे नाही. झाशीत मुख्यालय असलेली बलिनी ही दूध उत्पादक महिलांची कंपनी बघा. 2019 पासून बुंदेलखंडातल्या गावोगावच्या बायका तिला दूध घालतात, पैसे थेट त्यांच्या खात्यावर येतात, आणि त्या स्वतः कंपनीच्या भागधारक आहेत. ज्या मुलखात भाकड जनावर ‘अन्ना’ म्हणून मोकाट सोडायची प्रथा आहे, तिथे म्हैस ही पुंजी झाली. बाईच्या नावावरची पुंजी. ठेकेदार मध्ये नाही, सरकारी इमारतही नाही.

साशंक : बलिनीला माझा आक्षेप नाही. उलट मी मागतोय तेच ते आहे : कमाईबरोबर मालकी. पण म्हैस घ्यायला आणि तिला उन्हाळ्यात चारा-पाणी द्यायला मुळात काहीतरी हवे. पंक्तीतल्या शेवटच्या पानापर्यंत पोचायचे, तर कोणीतरी पदरचे घालावे लागेल. महाराष्ट्राने एकदा ते केले होते. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर चालली, 26 जानेवारी 1979 पासून तिला कायद्याचे बळ आले. ‘काम द्या’ म्हणायचा हक्क. पैसे आले कुठून? 1975 मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे माणच्या नाल्यावरच्या मजुरापर्यंत पोचले. सामाईक पुंजी म्हणतात ती हीच.

आशावादी : आणि ती योजना मुंबईत गिरण्या, कारखाने, बँका होत्या म्हणून चालली! कापायला पगार होते म्हणून कापता आले. झाशीला मुंबईएवढी कमाई आणा, मग झाशीही स्वतःची हमी देईल. 2024-25 मध्ये केंद्राच्या रोजगार हमीची मजुरी उत्तर प्रदेशात दिवसाला 237 रुपये होती, महाराष्ट्रात 297, हरियाणात 374. एकाच देशात, एकाच कायद्याखाली. हा फरक कायद्याने नाही पडला, राज्याच्या सुबत्तेने पडला. आधी विहीर भरू द्या, मग पाळीपाळीने शेंदा.

साशंक : विहीर भरली की शेंदणार, हे कोण बघणार? व्यवसाय कराचीच गोष्ट घ्या. घटनेने त्याला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा 1988 ची. शिपाई निवृत्त झाला, त्याचा मुलगा व्यवस्थापक झाला, पगार कोटीत गेले; कराची कमाल तीच, अडीच हजार. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर 1985 मध्ये गेला. संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात गेला. विहीर भरत गेली तसतसे आपण पोहरे काढून टाकत गेलो.

आशावादी : त्या पोहऱ्यांना भोके होती, म्हणून काढले. संपत्ती करातून 2013-14 मध्ये संपूर्ण देशात जेमतेम हजार कोटी जमले. त्याऐवजी अतिश्रीमंतांच्या उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार लावला, त्यातून नऊ हजार कोटी अपेक्षित होते. कोणते भांडे जास्त पाणी काढते, हा हिशेब आहे. श्रीमंतांचा कैवार नाही. आणि मोठी पुंजी पायात चपला घालून बसलेली असते. फार ओढलीत तर दुबईला जाईल. भिवंडीच्या मजुराला जाता येते तितक्या सहज, किंबहुना त्याहून सहज.

साशंक : तेच तर. तिला जाता येते, आणि जाताना तिला रक्सा नाका लागत नाही.

आशावादी : चांगले बोललात. पण धोरण वाक्यावर चालत नाही. समजा उद्या तुमच्या हाती खजिना दिला. पहिला रुपया कुठे घालाल? हवेलीच्या बांधात, म्हणजे जमीनवाल्याचा फायदा. कारखान्याच्या रस्त्यात, म्हणजे ठेकेदाराचा. थेट खात्यात, तर तुम्हीच म्हणाल की महिनाअखेर खाते रिकामे. तगीचे माप तुम्ही मला दिलेत आणि मी ते घेतले. पण तग कशाने वाढते, याचे उत्तर तुमच्याकडेही नाही.

साशंक : पक्के उत्तर नाही, हे कबूल. नायगावला एक उत्तर आहे, रेल्वे कॉलनीत दुसरे, बलिनीत तिसरे, स्वीडनमध्ये चौथे. त्यांतले कोणते कुठे लागू पडेल, हे घरोघरची पुंजी आणि कर्ज वारंवार तपासल्याशिवाय कळायचे नाही. त्या बाबतीत आपली अवस्था काय, तर लोक महिन्याला किती खर्च करतात, याची पाहणी 2022-23 मध्ये झाली आणि लगेच 2023-24 मध्येही झाली. आकडे चांगले होते, गाजले. मालमत्तेची आणि कर्जाची देशव्यापी पाहणी मात्र साधारण दहा वर्षांतून एकदा होते. तिचे आज हाती असलेले आकडे जानेवारी ते डिसेंबर 2019 मध्ये गोळा केलेले आहेत. रक्सा नाक्यावर माणसे येऊन थांबली, ती त्यानंतर पाच महिन्यांनी.